हिंवाळ्यांत जुनी मोटार कां अडते?

थंडीच्या दिवसांत मनुष्याचे सांधे आखडतात, गळा बसतो आणि पहांटे अंथरूण सोडणें नकोसें होतें. अंगणांत उभ्या असलेल्या जुन्या मोटारीची अवस्थाही त्या दिवसांत कांहींशी अशीच असते. ती लवकर सुरू होत नाहीं. झालीच तर खोकते, थरथरते आणि पेडलवर पाय ठेवतांच बंद पडते. मात्र मनुष्याला आपलें दुखणें कोठें आहे हें सांगतां येतें. यंत्राला वाचा नसते. त्याचे दोष केवळ लक्षणांवरून ओळखावे लागतात. म्हणून मोटारीचा दोष शोधणें हें एक प्रकारचें वैद्यकच होय. जो वैद्य नाडी पाहण्याच्या आधींच औषध देतो, त्याच्यावर जसा विश्वास ठेवूं नये, तसाच जो मिस्त्री कारण शोधण्याच्या आधींच भाग बदलूं लागतो त्याच्यावरही ठेवूं नये. ह्या लेखांत थंड हवेंत जुन्या मोटारीच्या श्वासोच्छ्वासांत, म्हणजे थ्रॉटलच्या कामांत, कोणकोणते बिघाड होतात आणि ते क्रमाक्रमानें कसे ओळखावे ह्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम कोणत्या मोटारींविषयीं आपण बोलत आहोंत तें ठरवूं. वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या मुंबईंतील कुर्ला येथील कारखान्यांत फियाट ११०० ही गाडी तयार होत असे. तिच्याच वंशांतील गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. १,०८९ घन सेंटिमीटरचें तिचें चार नळकांड्यांचें इंजिन आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या चांगल्या परिचयाचें आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं निवृत्त झाली. तथापि हौसेनें जपलेल्या पद्मिनी, ॲम्बॅसडर आणि पहिल्या पिढींतील मारुति ८०० अजून ठिकठिकाणीं दिसतात. ह्या सर्व गाड्यांत एक गोष्ट समान आहे: त्यांच्या इंजिनास पेट्रोल पुरविण्याचें काम कार्ब्युरेटर नांवाचें उपकरण करतें.

कार्ब्युरेटरचें काम सांगावयास सोपें, परंतु करावयास अवघड आहे. पेट्रोल द्रवरूपांत नीट जळत नाहीं. त्याची वाफ होऊन ती हवेंत मिसळावी लागते. वजनानें पेट्रोलचा एक भाग आणि हवेचे सुमारें पंधरा भाग, असें हें प्रमाण आहे. हवा अतिशय हलकी असल्यामुळें एक लिटर पेट्रोल पूर्णपणें जाळण्यास सुमारें नऊ हजार लिटर हवा लागते! ही हवा एका नळींतून इंजिनांत ओढली जाते. नळीचा मधला भाग मुद्दाम अरुंद केलेला असतो. प्रवाह अरुंद जागेंतून जातांना त्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, हें तत्त्व जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतूरी ह्या इटालियन शास्त्रज्ञानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें. दाब कमी झाल्यामुळें शेजारच्या वाटींतील पेट्रोल बारीक भोकांतून आपोआप वर चढतें आणि तुषारांच्या रूपानें हवेंत मिसळतें.

ह्या नळीच्या खालच्या टोकाशीं एक वाटोळी चकती एका आडव्या कांबीवर फिरती बसविलेली असते. तीच थ्रॉटलची झडप. पायाखालचें पेडल दाबलें म्हणजे एका केबलनें किंवा कांबींच्या सांखळीनें ही झडप उघडते. पेडल दाबल्यानें पेट्रोल सोडलें जातें असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पेडल हवेचें दार उघडतें, आणि हवा आपल्याबरोबर पेट्रोल घेऊन येते. हा भेद लक्षांत ठेवावा, कारण पुढील सर्व निदान त्यावरच उभें आहे. पायाचा भार नसतांना झडप जवळजवळ पूर्ण मिटलेली असते. तिच्या कडेशीं केसाएवढी फट राहते, आणि एका स्वतंत्र बारीक मार्गानें थोडेंसें पेट्रोल येऊन इंजिन मंदगतीनें फिरत राहतें. मिस्त्री लोक ह्याला ‘स्लो’ म्हणतात. इतक्या लहानशा फटीवर इंजिनाचा सारा प्राण अवलंबून असल्यामुळें तेथें मळाचा एक थर किंवा बर्फाचा एक कण जमला तरी इंजिन अडखळूं लागतें.

आतां थंडी काय करते तें पाहूं. तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब टाकले तर ते चुरचुरत क्षणांत उडून जातात. तवा थंड असेल तर तेच पाणी नुसतें पसरतें. इंजिनाच्या नळ्या पहांटेच्या वेळीं ह्या थंड तव्याप्रमाणें असतात. कार्ब्युरेटरनें तुषार उडविले तरी त्यांतील फार थोड्या भागाची वाफ होते. बाकीचें पेट्रोल नळीच्या भिंतीला चिकटून राहतें. म्हणजे पेट्रोल खर्च होतें, पण नळकांड्यांत पोहोंचणारें मिश्रण मात्र पातळ असतें आणि तें पेट घेत नाहीं. ह्यावर उपाय म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं चोक नांवाची दुसरी झडप बसविलेली असते. चालकासमोरील खुंटी ओढली कीं ही झडप मिटते, हवा कमी येते, ओढ वाढते आणि पेट्रोलचें प्रमाण वाढतें. त्याच वेळीं इंजिनांतील तेल थंडीनें घट्ट झालेलें असतें आणि बॅटरीचा जोरही उतरलेला असतो. म्हणून पुष्कळ कार्ब्युरेटरांत चोक ओढतांच थ्रॉटलची झडपही किंचित् उघडून धरण्याची योजना असते.

थंडीची दुसरी करामत अधिक चमत्कारिक आहे. मडक्यांतील पाणी गार कां होतें हें आपण शाळेंत शिकतों: पाण्याची वाफ होतांना ती भोंवतालची उष्णता घेते. तळहातावर स्पिरिटचा थेंब ठेवून फुंकर घातली तर तोच अनुभव येतो. कार्ब्युरेटरांतही हेंच घडतें. एक किलोग्रॅम पेट्रोलची वाफ होण्यास सुमारें ३५० किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती मुख्यतः आंत येणाऱ्या हवेंतूनच घेतली जाते. सर्व पेट्रोलची वाफ झाली तर मिश्रणाचें तापमान सुमारें २० अंशांनीं उतरेल असा हिशेब निघतो. तेव्हां बाहेर १० अंश सेल्सिअसची धुक्याची सकाळ असेल, तर थ्रॉटलच्या झडपेशीं तापमान शून्याखालीं जाऊं शकतें आणि हवेंतील बाष्प झडपेच्या कडेवर बर्फ होऊन बसतें. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरांत कडाक्याच्या थंडींत दंवबिंदु गोठल्याच्या वार्ता आपण वाचतों; परंतु कार्ब्युरेटरांत बर्फ होण्यास एवढ्या थंडीची मुळींच गरज नाहीं. गरज आहे ती गारव्याबरोबर ओलाव्याची. अतिशय थंड पण कोरड्या हवेंत हा त्रास उलट कमी होतो, कारण गोठण्यास बाष्पच नसतें. लहान विमानांच्या चालकांना ही आपत्ति पूर्वींपासून ठाऊक आहे. म्हणून कार्ब्युरेटर असलेल्या विमानांत एक्झॉस्टच्या उष्णतेनें तापलेली हवा इंजिनास देण्याची खुंटी असते.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर निदानाकडे वळूं. कोणतेंही हत्यार हातीं घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. त्रास केव्हां होतो: सुरू करतांना, कांहीं मिनिटांनीं, कीं इंजिन पूर्ण तापल्यावर? तो कशांत दिसतो: पेडलच्या हालचालींत, इंजिनाच्या आवाजांत, कीं धुराच्या रंगांत? आणि काय केलें असतां तो वाढतो किंवा कमी होतो? हीं उत्तरें एका कागदावर लिहून काढावीं. स्मरणावर विसंबूं नये. स्टार्टरच इंजिनास मंदपणें, कण्हत कण्हत फिरवीत असेल, तर तो दोष बॅटरीचा किंवा तिच्या जोडांचा होय. त्यासाठीं कार्ब्युरेटर उघडणें व्यर्थ आहे. ठिणगी देणारे पॉइंट, प्लग आणि त्यांच्या वायरी कोरड्या व स्वच्छ आहेत हेंही आधीं पाहून घ्यावें. एवढें ठीक असेल तर पुढें सांगितलेल्या चार तक्रारींपैकीं आपली तक्रार कोणती तें ठरवावें.

पहिली तक्रार अशी कीं, गाडी सुरू होते, परंतु पहिल्या मिनिटांतच पेडल दाबतांच ठसका देऊन बंद पडते. याचा अर्थ मिश्रण पातळ आहे. इंजिन बंद ठेवून हवेच्या फिल्टरचें झांकण काढावें आणि दुसऱ्या कोणास चोकची खुंटी ओढावयास सांगावें. चोकची चकती पूर्ण मिटली पाहिजे, आणि खुंटी आंत ढकलतांच सरळ उभी राहिली पाहिजे. ती अर्ध्यावर थांबत असेल तर केबल सैल झाली आहे किंवा अडकते आहे. चकती ठीक असेल तर ती उघडी ठेवून थ्रॉटलचा दांडा हातानें एकदां झपाट्यानें फिरवावा. पद्मिनीसारख्या अनेक गाड्यांच्या कार्ब्युरेटरांत एक लहानसा पंप असतो. पेडल एकाएकीं दाबल्यावर हवा लगेच धांवते, पण जड पेट्रोल मागें पडतें, ती उणीव हा पंप पेट्रोलची चिळकांडी उडवून भरून काढतो. आंत पाहतां ती चिळकांडी दिसली नाहीं, तर पंपाचा पडदा फाटला आहे किंवा त्याचा मार्ग तुंबला आहे असें निश्चित समजावें. इंजिन गरम असतांना ही उणीव झांकली जाते. थंडी ती उघडी पाडते, एवढेंच.

ह्याच तक्रारीला एक उलटी बाजू आहे. गाडी सुरू होईना म्हणून कित्येक लोक पेडल पुनःपुन्हां दाबतात. त्यायोगें आंत इतकें पेट्रोल सांचतें कीं प्लग भिजून जातात. पेट्रोलचा उग्र वास आला तर चोक आंत ढकलावा, पेडल एकदांच तळापर्यंत दाबून तसेंच धरावें आणि कांहीं सेकंद स्टार्टर फिरवावा. पुष्कळशी हवा आंत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडतें आणि बहुधा इंजिन सुरू होतें.

दुसरी तक्रार सर्वांत फसवी आहे. गाडी चांगली सुरू होते, पांच-दहा मिनिटें नीट चालते, मग तिचा जोर ओसरतो, स्लो नाहींसा होतो आणि चौकांत उभी राहतांच ती बंद पडते. मालक खालीं उतरून टोपण उघडतो, दोन वायरी हालवून पाहतो, दहा मिनिटें जातात. आणि गाडी जणूं कांहीं झालेंच नव्हतें अशी सुरू होते. हीं लक्षणें बर्फाचीं आहेत. हा गुन्हेगार असा कीं, पोलीस येण्यापूर्वीं पुरावा स्वतःच नाहींसा करतो: इंजिन थांबलें कीं त्याची उष्णता वर चढून कार्ब्युरेटरास पोहोंचते आणि बर्फ वितळून जातो.

समजा, जानेवारींतील एका धुक्याच्या सकाळीं एक कुटुंब पांचगणीहून पसरणी घाटानें वाईकडे उतरत आहे. उतारावर पेडलवरचा पाय उचललेला असतो. थ्रॉटल मिटलेली, इंजिन गारठलेलें आणि हवा ओलसर. बर्फ जमण्यास ह्याहून अनुकूल परिस्थिति नाहीं. पायथ्याशीं येतां येतां गाडी बंद पडते. जवळच्या दुकानांतून नवे प्लग आणून बसवितात. गाडी सुरू होते. सर्वांची खात्री पटते कीं दोष प्लगांचा होता. पुढच्या आठवड्यांत तेंच घडतें आणि ह्या वेळीं पॉइंट बदलले जातात. तेही ‘गुण देतात’. हा निव्वळ काकतालीय न्याय आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानें मोडली असें होत नाहीं. दुरुस्तीला लागलेल्या दहा मिनिटांत बर्फ वितळला, ही खरी दुरुस्ती. खरी परीक्षा अशी: पुढच्या खेपेस गाडी बंद पडेल तेव्हां कशालाही हात न लावतां घड्याळाकडे पाहत स्वस्थ बसावें. दहा-पंधरा मिनिटांनीं ती आपोआप नीट सुरू झाली, आणि कोरड्या दुपारीं हा त्रास कधींच होत नसेल, तर बर्फाचा संशय जवळजवळ पक्का झाला. बंद पडतांच टोपण उघडून कार्ब्युरेटरच्या बुडाशीं पाहिल्यास इंजिन गरम असूनही तो भाग गार आणि दंवानें ओला आढळतो. उलटपक्षीं, पेट्रोलच्या फिल्टरांत मळ असेल तर तो सकाळ-दुपार पाहत नाहीं; जोर लावण्याच्या प्रसंगीं, विशेषतः चढावर, तो केव्हांही आड येतो.

बर्फाचें मूळ पुष्कळदां दोन लहान गोष्टींत सांपडतें. अनेक कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हवेच्या फिल्टरला हिंवाळ्यांत एक्झॉस्टच्या जवळची ऊबदार हवा मिळावी अशी नळी किंवा झडप असते. ती तुटलेली, काढून टाकलेली किंवा उन्हाळ्याच्या बाजूस फिरवून ठेवलेली असते. दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. इंजिन पुरेसें तापेपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊं न देणारी ही लहानशी झडप आपल्याकडील कित्येक मिस्त्री, उन्हाळ्यांत इंजिन तापतें ह्या सबबीवर, काढूनच टाकतात. मग हिंवाळ्यांत इंजिन कधींच नीट तापत नाहीं आणि चोक मैलोगणती ओढून ठेवावा लागतो. पंधरा मिनिटें गाडी चालवूनही तापमानाचा काटा खालींच राहत असेल, तर कार्ब्युरेटरला दोष देण्यापूर्वीं थर्मोस्टॅट जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें.

तिसरी तक्रार पेडलची आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. पेडल जड लागतें, दाबल्यावर अडकतें, किंवा पाय उचलला तरी वर येत नाहीं. पावसाळ्यांत केबलच्या आवरणांत शिरलेलें पाणी गंज निर्माण करतें. जुन्या ग्रीसमध्यें धूळ मिसळते. आणि थंडींत तें ग्रीस मेणासारखें घट्ट होतें. झडपेच्या कांबीवर पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर बसतो. झडप मिटविणारी स्प्रिंग वर्षांनुवर्षें ताणून दुबळी झालेली असते. उन्हाळ्यांत ती कसेंबसें काम निभावते, हिंवाळ्यांत हरते. येथें दोष शोधण्याची उत्तम रीत म्हणजे शंकेचे दोन भाग करणें. इंजिन बंद करून केबल कार्ब्युरेटरच्या टोकाशीं सोडवावी आणि थ्रॉटलचा दांडा बोटानें फिरवावा. तो हलकेच फिरून टप्‌कन् मिटला, तर कार्ब्युरेटर निर्दोष. दोष केबलमध्यें किंवा पेडलमध्यें आहे. दांडाच अडकत असेल तर केबल निर्दोष ठरते. एका मिनिटाच्या ह्या परीक्षेनें अर्धें क्षेत्र शंकेंतून मुक्त होतें. पायाखालची जाड चटई पेडलखालीं सरकली नाहीं ना, हेंही पाहावें. अशा क्षुल्लक गोष्टीनेंही अनर्थ ओढवूं शकतो. गंजलेल्या केबलवर तेल ओतून दिवस काढूं नयेत. ती बदलावी, आणि तिच्याबरोबर स्प्रिंगही नवी घालावी.

धांवत्या गाडींत पेडल खालींच अडकलें तर काय करावें हें घरांतील प्रत्येक चालकास तोंडपाठ असलें पाहिजे. खालीं वांकून हातानें पेडल ओढण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये; तेवढ्यांत रस्त्यावरची नजर सुटते. क्लच दाबावा, गिअर न्यूट्रलमध्यें आणावा, ब्रेक घट्ट लावून गाडी रस्त्याच्या कडेस घ्यावी आणि ती थांबल्यावर इंजिन बंद करावें. इंजिन मोठ्यानें गर्जेल. त्यानें घाबरूं नये. गाडी चालत असतांना चावी काढून घेऊं नये, कारण कित्येक गाड्यांत तसें केल्यानें स्टिअरिंगला कुलूप बसतें.

चौथी तक्रार पहिलीच्या उलट आहे: इंजिन तापलें तरी रेस उतरत नाहीं, काळा धूर येतो आणि पेट्रोल फार जळतें. बहुधा चोकची खुंटी आंत गेलेली असते, पण केबल वांकल्यामुळें झडप अर्धवट मिटलेलीच राहते, आणि तिच्याशीं जोडलेला दांडा थ्रॉटलला उघडी धरतो. फिल्टरचें झांकण काढून एक दृष्टि टाकली कीं ह्याचा उलगडा होतो. रेस चढलेली आहे पण धूर काळा नाहीं, आणि कोठून तरी सूं सूं असा आवाज येतो, असें असेल तर कार्ब्युरेटरच्या खालून चोरटी हवा आंत शिरत आहे. जुनें रबर थंडींत कडक होऊन त्याची पकड सुटते. संशयित रबरी नळी बोटांनीं दाबून धरतांच इंजिनाचा सूर बदलला तर चोर सांपडला. डोंगरावर राहणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. महाबळेश्वरासारख्या सुमारें १,३५० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षां जवळजवळ एक अष्टमांशानें विरळ असते. मुंबईंत बरोबर जुळविलेला कार्ब्युरेटर तेथें गेल्यावर, कोणताही बिघाड नसतां, थोडें अधिक दाट मिश्रण देतो. हा दोष यंत्राचा नव्हे, स्थानाचा होय.

जुन्या गाड्यांच्या मालकांपुढें अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आलें. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. अर्थात् थंड सकाळीं गाडी सुरू होणें किंचित् कठीण होतें आणि कार्ब्युरेटर अधिक गारठतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टांकींत पाणी शिरलें तर तें इथेनॉलसह तळाशीं वेगळें होऊन सांचतें आणि नेमकें तेंच प्रथम कार्ब्युरेटरकडे जातें. जुन्या काळच्या रबरी नळ्या व पडदे ह्या मिश्रणानें फुगतात किंवा चिरतात. तेव्हां अशा गाडीच्या नळ्या वरचेवर तपासाव्या आणि ती पेट्रोल भरून विसरून न जातां अधूनमधून चालवावी.

२००० सालाच्या सुमारास आपल्याकडील गाड्यांतून कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनची पद्धति आली. त्या गाड्याही आतां जुन्या झाल्या आहेत. त्यांत चोक नसतो. इंजिनाचें तापमान मोजणारा एक लहान सेन्सर गणकयंत्रास वर्दी देतो आणि तदनुसार पेट्रोलचें प्रमाण ठरतें. तापमान वाढलें कीं ह्या सेन्सरचा विद्युत्‌-रोध कमी होतो. तो बिघडून इंजिन गरम असल्याची खोटी वर्दी सदैव देऊं लागला, तर थंड सकाळीं पेट्रोल कमी पडतें. जणूं चोक ओढावयाचाच राहिला. थ्रॉटलच्या कडेशीं काजळी जमून स्लो बिघडणें हा दोष मात्र जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींत सारखाच आढळतो. साधनें बदललीं तरी प्रश्न तेच राहतात: हवा किती, पेट्रोल किती, आणि दार नीट उघडतें-मिटतें कीं नाहीं?

आतां सावधगिरीच्या दोन गोष्टी, ज्या पालकांनीं मुलांस आवर्जून सांगाव्या. थंडी वाजते म्हणून गॅरेजचें दार लावून आंत इंजिन चालू ठेवूं नये. चोक ओढलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु मोठ्या प्रमाणांत असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. मनुष्याला प्रथम डोकें जड वाटतें, मग गुंगी येते, आणि दार उघडण्याचें बळ राहण्यापूर्वींच तो बेशुद्ध होतो. दुसरी गोष्ट, गाडी सुरू व्हावी म्हणून बाटलीनें कार्ब्युरेटरच्या तोंडांत पेट्रोल ओतण्याची जी वाईट चाल आहे, ती कधींही अनुसरूं नये. इंजिन उलट ठसकलें तर ज्वाला त्याच तोंडांतून बाहेर येते आणि हातांतील बाटली पेट घेते. वर सांगितलेल्या परीक्षा इंजिन बंद ठेवून, मोकळ्या जागेंत आणि वडीलधाऱ्यांच्या देखत कराव्या. जेथें इंजिन चालू ठेवणें अवश्य आहे, तेथें ओढणी, टाय किंवा बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

शेवटीं सर्वांचें सार एकच आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदल केल्यावर काय झालें तें लिहून ठेवावें. एकदम चार भाग बदलले आणि गाडी सुधारली, तरी कशानें सुधारली हें कळत नाहीं. पैसा जातो आणि ज्ञानही मिळत नाहीं. गुण आला असें वाटल्यास तशाच थंड, ओलसर सकाळीं पुन्हां परीक्षा घ्यावी, कारण ज्या परिस्थितींत दोष प्रकट होतो त्याच परिस्थितींत तो गेल्याचें सिद्ध होतें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं फारच थोडे जण पुढें मोटारीचे मिस्त्री होतील, आणि कार्ब्युरेटरही लौकरच केवळ संग्रहालयांत पाहावयास मिळेल. परंतु लक्षण आणि कारण ह्यांतील भेद ओळखणें, शंकेचे दोन भाग करून एक बाजू मोकळी करणें, आणि जें प्रत्यक्ष पाहिलें नाहीं तें खरें न मानणें, ही रीत रसायनशाळेंत, शेतांत, रुग्णालयांत आणि न्यायमंदिरांतही तितकीच उपयोगीं पडते. घरच्या जुन्या गाडीनें थंडीच्या एखाद्या सकाळीं हा धडा दिला, तर त्या दिवशीं शाळेंत पोहोंचावयास झालेला थोडा उशीर फार महाग पडला असें म्हणतां येणार नाहीं.